जागा झालेला माणूस ओळखावा कसा?



हे व्याख्यान प्रथम विहारात जमलेल्या उपासक-उपासिकांपुढे झाले. आता ते छापील रूपाने आपल्या हाती येत आहे. आपणही त्या सभेत बसलेले आहात असे समजूनच मी बोलतो.

प्रश्न साधा आहे. एखादा मनुष्य आपल्यापुढे येतो आणि मला बोधी प्राप्त झाली आहे असे सांगतो. किंवा तो स्वतः काही बोलत नाही, परंतु त्याचे शिष्य त्याच्या वतीने तसे सांगत फिरतात. अशा वेळी आपण काय करावे? हात जोडावेत, पाठ फिरवावी, की तपासून पाहावे? आणि तपासावयाचे तर कशावरून?

हा प्रश्न ध्यानाची आवड असलेल्या चार रिकाम्या माणसांचा आहे, असे कोणी समजू नये. तो आपल्या हक्कांचा प्रश्न आहे. शतकानुशतके या देशात पवित्र कोण आणि अपवित्र कोण हे दुसऱ्यांनी ठरविले, आणि ते जन्मावरून ठरविले. ज्याच्या पायांचे तीर्थ घ्यावयाचे तो कितीही लोभी असला तरी पूज्य, आणि ज्याची सावली टाळावयाची तो कितीही शीलवान असला तरी त्याज्य! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला त्या व्यवस्थेतून बाहेर काढले. परंतु बाहेर पडलेल्या माणसाने आपली विवेकबुद्धी पुन्हा दुसऱ्याच उंबरठ्यावर वाहिली, तर उंबरठा बदलला एवढेच म्हणावे लागेल; माणूस मुक्त झाला असे म्हणता येणार नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी झेन संप्रदायाचे उदाहरण घेणार आहे. त्याला कारण आहे. संस्कृतातील ‘ध्यान’, पालीतील ‘झान’, चिनी भाषेतील ‘छान’ आणि जपानी भाषेतील ‘झेन’ हा एकाच शब्दाचा प्रवास आहे. याच जन्मी, याच देही मनुष्य जागा होऊ शकतो, असे हा संप्रदाय आवर्जून सांगतो. गुरू जागा झाला आहे काय, शिष्य जागा झाला आहे काय, हे पाहण्यासाठी त्याने जेवढी काळजीपूर्वक व्यवस्था उभारली तेवढी फार थोड्यांनी उभारली असेल. या व्यवस्थेला यश आले आणि तिचे दारुण अपयशही जगापुढे आले. त्या दोहोंतून आपल्याला शिकता येईल.

तथागतांनी दिलेली कसोटी

प्रथम मूळ धम्माकडे जाऊ. श्रावस्तीच्या पुब्बारामात एके सायंकाळी राजा पसेनदी तथागतांजवळ बसला होता. जटाधारी, निगंठ, नग्न साधू, परिव्राजक असे निरनिराळ्या पंथांचे लोक तेथून जाताना दिसले. राजा उठला, त्याने गुडघा टेकून त्यांना हात जोडले आणि मग तथागतांना म्हणाला की जगात जे कोणी अर्हत आहेत त्यांपैकीच हे लोक होत. तथागतांनी त्याच्या होकाराला होकार दिला नाही. संसारात व सत्तेत गुंतलेल्या माणसाला हे ओळखणे अवघड आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मग त्यांनी चार कसोट्या दिल्या. मनुष्याचे शील सहवासाने कळते, त्याचा प्रामाणिकपणा व्यवहाराने कळतो, त्याचे धैर्य संकटात कळते आणि त्याची प्रज्ञा चर्चेतून कळते. तीही दीर्घकाळाने, आणि लक्ष देणाऱ्या सुज्ञ माणसालाच कळते. हे ऐकून राजाने कबूल केले की ती माणसे त्याचेच हेर होते. कामगिरी आटोपल्यावर ती अंगाला उटणी लावून सुखाने राहणार होती!

या लहानशा प्रसंगात केवढे शहाणपण साठविले आहे ते पाहा. जटा, भस्म, नग्नता, मौन यांपैकी कोणतीही खूण तथागतांनी प्रमाण मानली नाही. त्यांनी काळ आणि व्यवहार प्रमाण मानला. इतकेच काय, वीमंसक सुत्तात त्यांनी आपल्या शिष्यांना तथागताचीही परीक्षा करण्यास सांगितले आहे. डोळ्यांनी त्याचे वर्तन पाहा, कानांनी त्याचे बोलणे ऐका आणि त्यात काही मलिन आढळते काय ते शोधा, असा त्याचा आशय आहे. स्वतःची परीक्षा करण्याचा अधिकार अनुयायांना देणारा दुसरा धर्मसंस्थापक शोधून पाहावा!

विनयाचा नियमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अंगी नसलेली लोकोत्तर अवस्था आपल्याला लाभली आहे असे जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्या भिक्खूला संघात स्थान राहत नाही. चोरी आणि मनुष्यहत्या ज्या वर्गात येतात त्याच वर्गातला हा अपराध होय. ती अवस्था खरोखरच लाभली असली, तरी गृहस्थापुढे ती जाहीर करण्यास भिक्खूला मनाई आहे. म्हणून जो स्वतःच्या बोधीचा डांगोरा पिटतो, त्याने आपल्या विरुद्धची पहिली साक्ष स्वतःच दिलेली असते.

भात कांडणारा मजूर

आता चीनकडे वळू. सातव्या शतकात हुआंगमेई येथे होंगरेन (६०१–६७४) नावाचे आचार्य एका मोठ्या मठाचे प्रमुख होते. परंपरा त्यांना छान संप्रदायाचे पाचवे आचार्य मानते. त्यांच्याकडे दक्षिणेतील लिंगनान प्रांतातून हुइनेंग (६३८–७१३) नावाचा एक तरुण आला. तो बाजारात लाकूडफाटा विकून आपल्या विधवा आईला पोसत असे. त्याला अक्षरओळख नव्हती. उत्तरेचे सुसंस्कृत लोक त्याच्या प्रांतातील माणसांना रानटी समजत. तू दक्षिणेकडचा रानटी, तुला बुद्ध कसे होता येईल, असे आचार्यांनी त्याला विचारले. माणसांत उत्तर-दक्षिण असेल, बुद्धस्वभावात ती असणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्या तरुणाने दिले.

त्याला ध्यानगृहात जागा मिळाली नाही. त्याला भात कांडण्याच्या कामाला लावले आणि आठ महिने तो तेथेच राबला. पुढे आचार्यांनी शिष्यांना आपली समज एका पद्यात मांडण्यास सांगितले. मठातील सर्वांत विद्वान शिष्याने आपले पद्य भिंतीवर लिहिले. या मजुराने आपले पद्य दुसऱ्याकडून लिहवून घेतले आणि आचार्यांनी त्याच्यातच आपला वारस ओळखला. परंतु त्यांनी उत्तराधिकाराचे चीवर त्याला मध्यरात्री गुप्तपणे दिले आणि प्राण वाचविण्यासाठी ताबडतोब दक्षिणेस निघून जाण्यास सांगितले.

वाचकहो, ही कथा जशीच्या तशी इतिहास आहे, असे मी म्हणत नाही. आपण बुद्धिवादी आहोत. हुइनेंगच्या मृत्यूनंतर शेनहुई या शिष्याने ७३२ साली जाहीर वादसभेत आपल्या गुरूचा पक्ष मांडला आणि त्यानंतरच या कथेला जोर चढला, हे दुनहुआंगच्या गुंफेत सापडलेल्या हस्तलिखितांच्या अभ्यासावरून दिसून आले आहे. गुरुपरंपरेची अखंड साखळीसुद्धा बरीचशी मागाहून जुळविलेली आहे. परंतु मुद्दा निराळाच आहे. ज्या संप्रदायाला आपला आदर्श पुरुष निवडावयाचा होता, त्याने राजपुत्र निवडला नाही की पंडित निवडला नाही. हीन समजल्या जाणाऱ्या प्रांतातील निरक्षर मजूर निवडला. जागृतीचा जन्माशी व विद्वत्तेच्या दिमाखाशी संबंध नाही, हे त्याने स्वतःच्या मुळाशीच लिहून ठेवले. आणि खऱ्या माणसाला ओळखणाऱ्या गुरूला ती ओळख आपल्याच मठापासून लपवावी लागली, हेही त्याच कथेत लिहिलेले आहे. संस्था आणि सत्य यांचे नाते कसे असते, ते यावरून समजावे.

शिष्याची परीक्षा

शिष्याची परीक्षा कशी होते? रिंझाई शाखेत गुरू शिष्याला एक कोडे देतो. त्याला ‘कोआन’ म्हणतात. तर्काने किंवा पाठांतराने त्याचे उत्तर सापडत नाही. शिष्य दिवसेंदिवस त्यावर बसतो आणि एकट्याने गुरूच्या खोलीत जाऊन आपले उत्तर मांडतो. उत्तर उसने असेल तर गुरू लहानशी घंटा वाजवितो आणि शिष्याला परतावे लागते. असे शंभर वेळा घडू शकते. शब्द बरोबर असूनही माणूस नापास होतो, कारण गुरू शब्दांबरोबर चालणे, बसणे, डोळे आणि आवाज हेही पाहत असतो. आपल्या मूळ स्वभावाचे पहिले दर्शन घडले की त्याला ‘केन्शो’ म्हणतात.

परंतु पहिले दर्शन म्हणजे शेवट नव्हे. हाकुइन (१६८६–१७६९) या जपानी आचार्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. चोविसाव्या वर्षी मंदिराची घंटा ऐकताना त्याला विलक्षण अनुभव आला. गेल्या तीनशे वर्षांत आपल्यासारखा कोणी झाला नाही असे त्याला वाटू लागले, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तो इइयामा येथे एका लहान कुटीत राहणाऱ्या शोजू रोजिन या वृद्धाकडे आपला अनुभव दाखविण्यास गेला. वृद्धाने त्याची थट्टा केली, बिळात कोंडलेले भूत म्हणून त्याला हिणविले, एकदा तर त्याला व्हरांड्यावरून खाली ढकलले. त्याचा अनुभव खोटा होता म्हणून हे घडले नाही. त्या अनुभवाचा त्याला गर्व झाला होता म्हणून घडले. हाकुइन तेथे आठ महिने राहिला. पुढे १७२६ साली, एका रात्री सद्धर्मपुंडरीक सूत्र वाचत असताना रातकिड्याचा आवाज ऐकून तो रडला. दुसऱ्यांच्या दुःखासाठी झटणे हाच बोधिसत्त्वाचा मार्ग होय, हे त्याला तेव्हा पूर्णपणे उमगले. पुढील सारे आयुष्य त्याने हारा गावच्या गरीब मंदिरात शिकविण्यात घालविले. सरंजामदारांच्या चैनीपायी शेतकऱ्यांची होणारी नागवण त्याने एका सरंजामदाराला लिहिलेल्या पत्रातच निर्भीडपणे मांडली.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. शोजूने ढकलले म्हणून प्रत्येक ढकलणारा शोजू ठरत नाही. शिष्याचा अपमान करून आपली प्रतिष्ठा वाढविणारे गुरू जगात पुष्कळ आहेत. शोजूला त्या कठोरपणातून काय मिळाले? पैसा नाही, मठ नाही, कीर्ती नाही. ज्या कठोरपणात गुरूचा लाभ दडलेला असतो तो कठोरपणा धम्माचा नव्हे. तो सत्तेचा होय.

बैल आणि गुराखी यांची दहा चित्रे झेन परंपरेत प्रसिद्ध आहेत. बाराव्या शतकातील चिनी आचार्य कुओआन यांनी ती रूढ केली. माणूस आपले हरवलेले मन शोधतो, त्याला वळण लावतो आणि अखेर सारे विसरतो, असा तो क्रम आहे. आधीची मालिका रिकाम्या वर्तुळाशी संपत असे. कुओआनने पुढे आणखी दोन चित्रे जोडली. शेवटच्या चित्रात जागा झालेला माणूस उघड्या छातीने, धुळीने माखलेल्या पायांनी बाजारात शिरतो आणि सामान्य लोकांत मिसळतो. म्हणजे शून्यात बसून राहणे ही शेवटची पायरी नव्हे. शेवटची पायरी लोकांत आहे. दोगेन (१२००–१२५३) हा जपानी तरुण भिक्खू १२२३ साली चीनच्या बंदरात उतरला तेव्हा त्याला हाच धडा मिळाला. एका मठाचा वृद्ध स्वयंपाकी जहाजावर अळिंबी विकत घेण्यास आला होता. या वयात ध्यान करावयाचे सोडून आपण स्वयंपाक का करता, असे दोगेनने विचारले. म्हातारा हसला आणि या परदेशी तरुणाला साधना म्हणजे काय हे अजून कळलेले नाही, असे म्हणाला. दोगेनने ही आठवण जन्मभर जपली. त्याच दोगेनने १२४० साली लिहिले की ज्या स्त्रीला धम्म उमगला आहे तिला पुरुषाने गुरू मानून वंदन करावे, आणि स्त्रियांना पवित्र स्थळी मज्जाव करणारे मूर्ख आहेत.

मोहोर आणि माणूस

गुरूला शिष्याची खात्री पटली की तो त्याला मान्यता देतो. रिंझाई शाखेत तिला ‘इंका’ म्हणतात. ती एक प्रकारची मोहोर आहे. सोतो शाखेत धम्माचा वारसा लेखी दिला जातो. हेतू चांगला होता. अर्धवट माणसाने गुरू म्हणून मिरवू नये, एवढाच तो हेतू होता. परंतु मोहोर हाती आली की माणसे मोहोर पाहतात आणि माणूस पाहावयाचे विसरतात. पंधराव्या शतकात इक्क्यू (१३९४–१४८१) या भिक्खूने आपल्याला मिळालेले मान्यतापत्र नाकारले, ते याच कारणासाठी.

१८७२ साली जपानी सरकारने भिक्खूंना विवाहाची मुभा दिली. त्यानंतर मंदिरे हळूहळू बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि त्यांबरोबर धम्माचा वारसाही बहुधा घरातल्या घरात जाऊ लागला. जे मूळ अनुभवाचे प्रमाणपत्र होते, ते पुष्कळ ठिकाणी मंदिराचा ताबा मिळविण्याची पात्रता होऊन बसले. वंशपरंपरागत पौरोहित्य नष्ट झाले पाहिजे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात का मांडले, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. बुद्धाच्या नावाने चाललेले वंशपरंपरागत पौरोहित्य, हेही शेवटी पौरोहित्यच.

मोहोर समुद्रापार गेली तेव्हाही तोच अनुभव आला. १९५९ साली जपानमधून अमेरिकेत गेलेले शुन्ऱ्यू सुझुकी हे साधे आणि आदरणीय आचार्य होते. १९७१ साली निधनापूर्वी त्यांनी एका अमेरिकन शिष्याला आपला वारस नेमले. १९८३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या केंद्रात वारसाच्या पैशांच्या व शिष्यांशी असलेल्या व्यवहारावरून मोठे वादळ उठले आणि त्याला पद सोडावे लागले. जागृतीवर मोहोर असल्यामुळे लोकांनी आपल्या डोळ्यांना दिसलेल्या गोष्टींवर वर्षानुवर्षे विश्वास ठेवला नव्हता. पुढे त्या संस्थेने मठप्रमुखाची निवड ठरावीक मुदतीपुरती करण्याचा मार्ग स्वीकारला. लोकशाहीची ही पद्धत आपल्याला परकी नाही. खुद्द बुद्धाच्या संघाचे काम ज्ञप्ती आणि मतगणना यांनी चालत असे, हे बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितले होते.

कसोटी जेथे चुकली

परंतु याहून मोठे अपयश जपानमध्येच घडले. जपानी साम्राज्याने आशिया खंडात आक्रमणे केली तेव्हा मोहोर असलेल्या अनेक झेन आचार्यांनी त्या युद्धाला आशीर्वाद दिले. हाराडा दाइउन सोगाकु (१८७१–१९६१) हे त्या काळातील अत्यंत मान्यवर गुरू. हुकूम होताच सैनिकाने तो तत्क्षणी पाळावा यातच बोधी प्रकट होते, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. मन एकाग्र करण्याची विद्या तलवारीच्या सेवेला लागली. करुणेवाचून असलेली एकाग्रता कोठे जाते, हे येथे दिसते.

दुसरी गोष्ट आपल्या काळजाला अधिक लागेल. जपानमध्ये बुराकुमिन नावाचा एक समाज आहे. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, कसाईकाम करणे ही कामे त्यांच्यावर लादलेली होती. त्यांची वस्ती गावापासून वेगळी, त्यांचा स्पर्श अपवित्र. १८७१ साली कायद्याने त्यांना मुक्त केले, पण वागणूक बदलली नाही. म्हणून त्यांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे ‘सुइहेइशा’ म्हणजे समतेची संघटना स्थापन केली. त्यानंतर पाचच वर्षांनी आपण महाडच्या चवदार तळ्यावर गेलो.

बौद्ध मंदिरात मृताला धम्मनाम देण्याची जपानी प्रथा आहे. बुराकुमिनांच्या थडग्यांवर आणि मृत्युनोंदवह्यांत त्यांच्या पुरोहितांनी कोणती नावे लिहिली? ‘पशू’, ‘नीच’, ‘कातडे’ अशा अर्थाची अक्षरे त्यांत घातली. आणि काही नावांत एक भारतीय शब्द चिनी अक्षरांत लिहिलेला आढळला. तो शब्द म्हणजे ‘चांडाळ’! बंधूंनो, मनूच्या ग्रंथातील शिवी बुद्धाच्या मंदिरातून समुद्रापार गेली आणि मेलेल्या माणसाच्या नावावर कोरली गेली. ज्यांनी ती कोरली त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती गुरूचे वारसापत्र होते. ज्या संप्रदायाचा आदर्श पुरुष भात कांडणारा रानटी मजूर होता, त्याच संप्रदायाच्या मंदिरांतही हे घडले.

१९७९ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्म आणि शांती या विषयावर जागतिक परिषद भरली होती. तेथे सोतो संप्रदायाचे तत्कालीन प्रमुख प्रशासक माचिदा मुनेओ यांनी जपानमध्ये असा भेदभावच नाही असे सांगितले आणि अहवालातील बुराकुमिनांचा उल्लेख काढून टाकावयास लावला. बुराकु चळवळीने त्यांना जाब विचारला. एकामागून एक थडगी आणि नोंदवह्या तपासल्या गेल्या आणि सत्य बाहेर आले.

बहिष्कृत भिक्खू

त्याच सोतो संप्रदायात उचियामा गुदो (१८७४–१९११) नावाचे एक भिक्खू होऊन गेले. हाकोने डोंगरातील रिनसेनजी या गरीब मंदिराचे ते प्रमुख होते. सर्व प्राण्यांत बुद्धस्वभाव समान आहे आणि कोणीही हीन नाही, या बौद्ध वचनांतूनच आपण समाजवादाकडे आलो असे त्यांनी सांगितले. राबणारी कुळे उपाशी आणि जमीनदार संपन्न, असे का, हा प्रश्न त्यांनी केला, आणि मंदिरात गुप्तपणे छापलेल्या पत्रकातून तो गावोगाव पोहोचविला. १९०९ साली त्यांना अटक झाली. पुढे सम्राटाविरुद्धच्या कटाच्या खटल्यात त्यांना गोवले गेले आणि २४ जानेवारी १९११ रोजी फाशी देण्यात आले. त्या खटल्यातील बहुतेक आरोपींचा कोणत्याही कटाशी संबंध नव्हता, असे आज अभ्यासक मानतात. संप्रदायाने मात्र फाशीपूर्वीच, १९१० साली, त्यांना बहिष्कृत करून टाकले होते.

गुदोंची सर्व राजकीय मते आपण स्वीकारावी असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी काठमांडू येथे १९५६ साली बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हिंसेचा मार्ग स्पष्टपणे नाकारला होता. परंतु मी आपल्याला एवढेच विचारतो: युद्धाला बोधी म्हणणारा मान्यवर गुरू आणि कुळांच्या भुकेचा प्रश्न विचारणारा बहिष्कृत भिक्खू, या दोघांपैकी कोणाचे डोळे अधिक उघडे होते?

न्यायासाठी पुढचेही सांगितले पाहिजे. सोतो संप्रदायाने मानवी हक्कांसाठी स्वतंत्र विभाग काढला, अपमानास्पद नावे बदलण्याचे काम हाती घेतले, आणि १९९२ साली साम्राज्यवादी आक्रमणातील आपल्या सहभागाबद्दल जाहीर क्षमा मागितली. १९९३ साली गुदोंचे भिक्खूपद त्यांना मरणोत्तर परत दिले. खुद्द माचिदा यांनी १९८४ साली नैरोबीच्या परिषदेत आपले म्हणणे चुकीचे होते असे कबूल केले. रिंझाई शाखेच्या म्योशिनजी मठानेही २००१ साली युद्धाबद्दल क्षमा मागितली. माझ्या मते या कबुलीत, शंभर गूढ अनुभवांत नसेल एवढी जागृती आहे. आणि ती कोणामुळे झाली? ध्यानगृहात बसलेल्यांमुळे नव्हे, तर ज्यांना चांडाळ म्हटले गेले त्यांनी उठून जाब विचारल्यामुळे.

मग खुणा कोणत्या?

गुरूविषयी प्रथम बोलू. त्याचा सहवास दीर्घकाळ पाहावा. एका शिबिराच्या भारावलेल्या वातावरणात निर्णय घेऊ नये. त्याच्या पैशाचा हिशेब उघडा आहे काय ते पाहावे. स्त्रियांशी तो एकांतात आणि चारचौघांत सारखाच वागतो काय ते पाहावे. त्याला प्रश्न विचारला तर तो उत्तर देतो, की प्रश्न विचारणाऱ्याचा अहंकार काढतो, ते पाहावे. चूक दाखविली तर तो ती कबूल करतो काय? आणि सर्वांत मोठी कसोटी ही की, ज्याच्यापासून त्याला काहीच मिळण्यासारखे नाही, त्या झाडूवाल्याशी, स्वयंपाकिणीशी, हीन मानल्या गेलेल्या माणसाशी तो कसा वागतो?

शिष्याविषयी, म्हणजे स्वतःविषयी, कसोटी याहून कडक असावी. ध्यानाने मला शांत वाटते एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. शांत तर अफूनेही वाटते. माझा राग कमी झाला काय? भय कमी झाले काय? अन्यायापुढे माझी जीभ अधिक मोकळी झाली काय? मला विशेष काही लाभले आहे हा भाव वाढला, की गळून पडला? लोकांपासून दूर जाण्याची ओढ वाढली, की धुळीच्या पायांनी बाजारात शिरण्याची?

बाबासाहेबांनी आपल्या शेवटच्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला आहे. भिक्खू केवळ स्वतःची पूर्णता साधणारा असावा, की समाजाचा सेवक असावा? पहिला असेल तर त्याचा धम्माला उपयोग नाही, दुसरा असेल तरच धम्माला त्याच्याकडून आशा आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. झेनच्या दहाव्या चित्राचा अर्थही याहून वेगळा नाही.

आपली परीक्षा

अखेर ही कसोटी आपल्यालाही लावून घेतली पाहिजे. दुसऱ्यांच्या थडग्यांवरील अक्षरे वाचणे सोपे असते. आपल्या घरी मुला-मुलीचे लग्न ठरविताना पोटजात विचारली जाते काय? आपल्या विहाराच्या कार्यकारिणीत स्त्रिया किती आहेत, आणि असल्या तर त्यांना बोलू दिले जाते काय? गटार साफ करणारा माणूस आपल्या पंक्तीला बसतो काय? बावीस प्रतिज्ञा तोंडाने म्हटल्या ही आपली मोहोर झाली. परंतु मोहोर आणि माणूस यांतील अंतर किती, हे पाहणारा गुरू आपल्याजवळ नाही. ते काम आपल्यालाच केले पाहिजे.

म्हणून यापुढे कोणी तुम्हाला म्हणेल की अमुक पुरुष जागा झाला आहे, तर घाईने हात जोडू नका आणि घाईने हसूही नका. त्याला तुमच्या वस्तीत घेऊन या. त्याला तुमच्या आईच्या हातचे जेवू घाला, तुमच्या मुलीचे प्रश्न ऐकू द्या, तुमच्या दुःखाचा हिशेब त्याच्यापुढे ठेवा, आणि वर्षभर पाहा. जागा झालेला माणूस असेल तर तो तुमच्याबरोबर कामाला लागेल. नसेल तर तो स्वतःच निघून जाईल, आणि तुम्ही तर जागे राहालच.

नमो बुद्धाय! जयभीम!